बॉनेटखालचा रंग

मोटारीचे बॉनेट उघडल्यावर सर्वांत आधी नजरेत भरणारा भाग म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर बसवलेले झाकण होय. ज्या सिलिंडर हेडमध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे इंधनमिश्रित हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, अखंड उघडमीट करीत असतात, त्या हेडवर हे झाकण गॅस्केट घालून बोल्टांनी आवळलेले असते. आत उसळणारे तेल बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत शिरू नये, एवढ्यासाठीच त्याची योजना असते. महाराष्ट्रातल्या गॅरेजांत त्याला टॅपेट कव्हर म्हणतात आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे. इंजिनाच्या इतर भागांच्या मानाने या झाकणावर भार फार थोडा पडतो आणि ते दिसते मात्र सर्वांत आधी. त्यामुळे मोटार बांधणाऱ्यांनी आपले नाव, आपली ओळख आणि आपल्या कारागिरीचा अभिमान मांडण्यासाठी गेली शंभर वर्षे याच जागेचा वापर केला आहे. जुनी गाडी नव्याने उभी करणाऱ्या माणसापुढेही, इंजिन खोलून, घासून, जुळवून झाल्यावर, हा प्रश्न हटकून उभा राहतो: टॅपेट कव्हरला कोणता रंग द्यावा आणि त्या रंगाचा पोत कसा असावा? बहुतेक जण पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि दुसरा रंगाऱ्यावर सोपवतात. प्रत्यक्षात धातू, उष्णता आणि तेल यांचा विचार केला, तर हा क्रम उलटा हवा. पोत आधी ठरवावा लागतो आणि तो ठरला की रंगाच्या निवडीची अर्धी वाट आपोआप मोकळी होते.

इंजिनाच्या माथ्यावर रंगाला जे सोसावे लागते, ते गाडीच्या दारावरच्या रंगाला कधीच सोसावे लागत नाही. चालत्या इंजिनात टॅपेट कव्हर साधारणपणे ९० ते ११० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि गाडी थांबली की पुन्हा हवेच्या तापमानाला येते; हे चक्र दररोज घडते. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून अर्धा मीटर लांबीचे ॲल्युमिनियमचे कव्हर ऐंशी अंशांनी तापले की सुमारे ०.९ मिलिमीटरने लांबते, तर तेवढेच पोलादी कव्हर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहते. रंगाच्या थराला हा ताण दररोज धातूबरोबर सोसता आला पाहिजे, अन्यथा कडांपाशी आणि बोल्टांच्या भोकांपाशी बारीक भेगा पडून तिथूनच पापुद्रे सुटू लागतात. शिवाय तेल भरताना झाकणाच्या तोंडाशी चार थेंब सांडतातच, कार्ब्युरेटरच्या बाजूने पेट्रोलची वाफ लागते आणि अनेक गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर जवळच असल्याने ब्रेक ऑइल उडण्याचा धोका असतो. नेहमीच्या वापरातले ब्रेक ऑइल ग्लायकॉल-वर्गीय द्रवांपासून बनलेले असते आणि ते साध्या रंगाला मऊ करून सोलून काढते. बॉडीसाठी वापरला जाणारा साधा लॅकर या ठिकाणी दिसायला महिनाभर सुंदर राहतो आणि नंतर पिवळा पडतो, मऊ होतो किंवा उडतो, याचे कारण रंगाऱ्याच्या हातात नसून त्या रंगाच्या रसायनातच असते.

पोत ठरवताना पहिला विचार कव्हर कशाचे आहे याचा करावा लागतो. साध्या, स्वस्त गाड्यांत ते पोलादी पत्रा प्रेसवर दाबून काढलेले असते. कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनावरचे कव्हर याच जातीचे. पत्र्याचा पृष्ठभाग मुळातच सपाट असतो, त्यामुळे त्यावर तुळतुळीत, चकाकणारा रंग शोभतो आणि टिकतोही. ओतीव ॲल्युमिनियमच्या कव्हरची गोष्ट वेगळी. वाळूच्या साच्यात ओतलेल्या कव्हरवर वाळूच्या कणांचा खरबरीतपणा उतरलेला असतो, बारीक छिद्रे असतात, साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथली रेघ असते. चकाकता रंग हे सारे दोष उघडे पाडतो. चकाकी म्हणजे पृष्ठभागावर पडलेला प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेने परतणे. तिचे मोजमाप साठ अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून करतात आणि सत्तरच्या वर आकडा आला तर पृष्ठभाग ग्लॉस, दहाच्या खाली आला तर मॅट समजतात. मधला पट्टा सेमी-ग्लॉस किंवा सॅटिन या नावाने ओळखला जातो. चकाकी जितकी जास्त, तितकी पृष्ठभागावरची प्रत्येक उंचसखल जागा प्रकाशाच्या वाकड्या रेषेतून डोळ्यांना कळते. म्हणून ओतीव कव्हर चकचकीत रंगवायचे असेल, तर ते आधी घासून, लांबी भरून, पुन्हा घासून गुळगुळीत करावे लागते. आणि लांबी हा पदार्थ रोज शंभर अंशांवर तापणाऱ्या धातूवर भरवशाचा नाही. पूर्ण मॅट रंगाची अडचण वेगळी आहे. चकाकी मारण्यासाठी त्यात सिलिकाची बारीक पूड घातलेली असते, तिच्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो, तेलाचा डाग त्यात मुरतो आणि पुसायला गेले की तिथेच चकाकता ठिपका उमटतो.

या दोन टोकांच्या मधला, आणि ओतीव धातूसाठी अतिशय समर्पक ठरलेला, मार्ग म्हणजे रिंकल फिनिश, अर्थात सुरकुत्यांचा पोत. जुने टाइपरायटर, प्रयोगशाळेतली उपकरणे, फिल्म प्रोजेक्टर यांच्यावर जो काळा, बारीक सुरकुत्यांचा, बोटाला दाणेदार लागणारा रंग दिसतो, तोच हा. त्याची घडण मोठी उद्बोधक आहे. या रंगाच्या मुळाशी तुंग तेल होते, म्हणजे चीनमधल्या एका वृक्षाच्या बियांपासून निघणारे, हवा लागताच झपाट्याने सुकणारे तेल. त्यातील मेदाम्लाच्या रेणूत दुहेरी बंधांची अशी रांग असते की हवेतला प्राणवायू तिच्याशी चटकन जोडला जातो. रंगात कोबाल्टयुक्त शुष्कक घातला की वरचा थर खालच्या थराच्या आधी सुकतो, प्राणवायू शोषून फुगतो आणि त्याचे क्षेत्रफळ वाढते. खालचा थर अजून ओला असल्यामुळे वाढलेल्या वरच्या कातड्याला पसरायला जागा मिळत नाही आणि ते दुमडून सुरकुत्या पडतात. तापत्या दुधावर धरलेली साय भांडे हलवताच जशी चुणते, तसाच हा प्रकार, फक्त इथे साय स्वतःच वाढते आणि चुणलेल्या स्थितीतच पक्की होते. थर जितका जाड, तितकी सुरकुती मोठी. थर कुठे जाड, कुठे पातळ झाला, तर एकाच कव्हरवर कुठे मोहरीएवढे दाणे आणि कुठे सपाट चट्टे दिसतात. म्हणूनच या रंगाचे हात आडवा, उभा आणि तिरपा अशा तीन दिशांनी, मधे सुमारे पाच-पाच मिनिटे थांबून, सलग द्यावे लागतात आणि नंतर साधारण नव्वद अंशांची ऊब तासभर द्यावी लागते. पहिला हात पूर्ण सुकू दिला, तर सुरकुती पडतच नाही.

मुळात रंगकामातला दोष मानली जाणारी ही सुरकुती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पेटंट घेऊन विकली जाऊ लागली, आणि तिचे व्यापारी मोल किती होते याची साक्ष थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात सापडते. पेटंटवरून भांडणाऱ्या दोन रंगकंपन्यांनी १९३७ साली तडजोड करून ‘न्यू रिंकल’ नावाची तिसरी कंपनी स्थापली आणि आपले हक्क तिच्याकडे सोपवले. ती कंपनी रंग उत्पादकांना परवाने देई आणि परवान्यातच विक्रीची किमान किंमत बांधून देई. १९४८ साली सरकारने दावा दाखल केला, तेव्हा दोनशेहून अधिक उत्पादक, म्हणजे या व्यवसायातले जवळजवळ सारेच, त्या परवान्याखाली होते. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटंटच्या आडून अशी किंमत बांधणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे असे ठरवले. सुरकुत्या पडणाऱ्या एका रंगासाठी एवढा खटाटोप होण्याचे कारण कारखान्याच्या हिशोबात आहे. हा रंग ओबडधोबड धातू झाकून टाकतो, त्यामुळे घासण्याची मजुरी वाचते. त्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे दिसत नाहीत आणि तरीही वस्तू मन लावून घडवल्यासारखी वाटते. ओतीव टॅपेट कव्हरच्या दृष्टीने हे तिन्ही गुण मोलाचे आहेत. त्याला एकच उणीव आहे, ती म्हणजे सुरकुत्यांच्या खाचांत धूळ आणि तेल साचून चिकटा धरतो आणि तो काढायला फडके पुरत नाही, मऊ ब्रश आणि साबणाचे पाणीच लागते.

रंगाविषयी गॅरेजांत एक समज पक्का रुजलेला आहे की काळे कव्हर इंजिन थंड ठेवते, कारण काळा रंग उष्णता चांगली बाहेर टाकतो. या समजातला खरा भाग आणि चुकीचा भाग वेगळा करायला हवा. शंभर अंशांवर तापलेला पृष्ठभाग जी उष्णता किरणांच्या रूपाने सोडतो, ती डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात मुळीच नसते. तिची तरंगलांबी आठ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या दसपटीहून मोठी असते. त्या पट्ट्यात काळा, पांढरा, लाल, निळा असे जवळजवळ सर्व नेहमीचे रंग सारखेच वागतात आणि आदर्श काळ्या पदार्थाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत उष्णता सोडतात. फरक पडतो तो रंग आणि उघडा धातू यांच्यात. पॉलिश केलेले ॲल्युमिनियम जेमतेम पाच टक्के सोडते आणि ॲल्युमिनियमची भुकटी असलेला चंदेरी रंग या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतो. पण या फरकाचे प्रत्यक्ष मोल काय? शंभर अंशांवरच्या कव्हरभोवती बॉनेटखालची हवा पन्नास अंशांची धरली आणि कव्हरचे क्षेत्रफळ दीड चौरस फूट धरले, तर रंगवलेले कव्हर किरणांद्वारे सुमारे साठ वॅट उष्णता सोडते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका घरगुती दिव्याएवढी. आणि त्याच वेळी रेडिएटर हजारो वॅट बाहेर फेकत असतो. तेव्हा इंजिन थंड राहावे म्हणून काळा रंग निवडण्यात अर्थ नाही, आणि इंजिन तापेल या भीतीने पांढरा किंवा लाल टाळण्यातही नाही. या बाबतीत मालकाला पूर्ण मोकळीक आहे.

मोकळीक नाही ती रंगद्रव्याच्या बाबतीत. रंगात तीन घटक असतात: थर धरून ठेवणारे रेझिन, त्याला पातळ करणारे थिनर आणि रंग देणारी भुकटी, म्हणजे रंगद्रव्य. काळ्या रंगातला कार्बन आणि तांबड्या मातकट रंगातला लोहाचा ऑक्साइड उष्णतेपुढे अविचल राहतात. पिवळा लोह-ऑक्साइड मात्र १८० अंशांच्या आसपास आपल्या रेणूतले पाणी गमावून तांबूस होऊ लागतो. टॅपेट कव्हर स्वतः एवढे तापत नाही, पण पावडर कोटिंगच्या भट्टीत किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला खेटून असलेल्या कडेवर हे तापमान गाठले जाते. भडक लाल आणि केशरी रंगांतली सेंद्रिय रंगद्रव्ये जातीजातीनुसार टिकतात किंवा काळवंडतात, म्हणून लाल रंग घेताना तो इंजिनासाठीच बनवलेला आहे ना, हे पाहणे भाग असते. पांढऱ्या रंगातला टिटॅनियम डायऑक्साइड कधीच बिघडत नाही, पिवळे पडते ते त्याला धरणारे रेझिन. इंजिन एनॅमल म्हणून विकले जाणारे रंग साधारण अडीचशे अंशांपर्यंत टिकतील असे बनवलेले असतात आणि कव्हरसाठी ते पुरेसे आहेत. सहाशे अंश सोसणारा सिलिकॉनयुक्त रंग एक्झॉस्टसाठी असतो. तो कव्हरवर मारला तर पुरेशी उष्णता न मिळाल्याने नीट पक्का होत नाही आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसला जातो. जास्त अंशांचा डबा म्हणजे जास्त चांगला रंग, ही समजूत अनेकांचे काम बिघडवते.

रंग हा इंजिनाच्या ओळखीचा भाग कसा होत गेला, हे अमेरिकेच्या कारखान्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. शेव्हरोलेने १९५५ साली आणलेल्या प्रसिद्ध व्ही-आठ इंजिनाचा रंग केशरी होता. पाँटियाकची इंजिने निळसर रंगांत येत. फोर्डने १९६६ पासून आपली इंजिने गडद निळ्या रंगात आणली. क्रायस्लरच्या हेमी इंजिनांचा केशरी रंग तर त्या इंजिनाच्याच नावाने विकला जाऊ लागला. जनरल मोटर्सच्या छत्राखाली शेव्हरोले, पाँटियाक, ब्यूक, ओल्ड्समोबिल हे विभाग स्वतंत्रपणे इंजिने घडवत असत आणि बॉनेट उघडताच कोणत्या विभागाचे इंजिन आहे हे रंगावरून कळे. सत्तरच्या दशकात हे विभाग एकमेकांची इंजिने वापरू लागले आणि १९७७ च्या सुमारास विभागवार रंगांची जागा एकाच सामाईक निळ्या रंगाने घेतली. त्याच वर्षी ओल्ड्समोबिलची नवी गाडी घेतलेल्या ग्राहकांच्या लक्षात आले की आत इंजिन शेव्हरोलेचे आहे, कारण ओल्ड्समोबिलचे सुटे भाग त्याला बसेनात. इलिनॉय राज्याच्या ॲटर्नी जनरलने कंपनीवर दावा लावला, प्रकरण देशभर गाजले आणि अखेरीस कंपनीने तडजोड करून ग्राहकांना प्रत्येकी २०० डॉलर आणि वाढीव हमी देऊ केली. इंजिनाच्या रंगाने बाळगलेले एक वचन लोकांनी किती मनावर घेतले होते, हे या प्रकरणातून दिसते.

इटलीत हेच वचन गाडीच्या नावापर्यंत पोहोचले. फेरारीने १९५६ साली आपल्या चार सिलिंडरच्या शर्यतीच्या गाडीची कव्हरे लाल रंगवली आणि तिला ‘टेस्टा रोसा’, म्हणजे लाल माथ्याची, असे नाव दिले. पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरात तीन लिटरच्या बारा सिलिंडर इंजिनाची २५० टेस्टा रोसा जाहीर झाली आणि तिने १९५८, १९६० आणि १९६१ अशी तीन वेळा ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९८४ मध्ये पॅरिसला सादर झालेल्या टेस्टारोसाच्या अठ्ठेचाळीस व्हॉल्व्हच्या इंजिनावरची कव्हरेही लालच होती. जपानमध्ये होंडाने १९९५ च्या इंटेग्रा टाइप आर या गाडीवर लाल, दाणेदार कव्हर बसवले आणि पुढे सिव्हिकच्या टाइप आरवरही ते ठेवले. या दोन्ही उदाहरणांत लाल रंगाला मान मिळाला, कारण त्याच्याखाली खरोखर वेगळे इंजिन होते. होंडाच्या त्या इंजिनाचे हवेचे मार्ग हाताने घासून गुळगुळीत केलेले होते. आज साध्या इंजिनांवरही लाल कव्हर सर्रास दिसते. तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे, पण ज्या रंगाने एके काळी आतल्या कामाची खूण सांगितली, तो नुसता सजावटीला वापरला की ती खूण पुसट होते, हेही तितकेच खरे.

इंग्लंडच्या जॅग्वारने रंगच न देण्याचा मार्ग धरला. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या एक्सके इंजिनाची दोन्ही कव्हरे आरशासारखी पॉलिश केलेली होती आणि इंजिन देखणे दिसले पाहिजे हा कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स यांचा आग्रह होता. उघड्या ॲल्युमिनियमची शोभा रंगाला येत नाही, हे मान्यच करावे लागते. पण ती शोभा बफिंगच्या चाकावर मजूर बसवून मिळवावी लागते आणि हवेतल्या आर्द्रतेने ती मंद होत गेली की पुन्हा मिळवावी लागते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ई-टाइपवर धारांची कव्हरे आली, ज्यांत उंच धारा धातूच्या रंगात आणि मधल्या खाचा काळ्या होत्या. घासण्याचे क्षेत्र घटले आणि धातूची झळाळीही थोडीफार राहिली. कोकण, मुंबई किंवा गोव्यात गाडी ठेवणाऱ्याने पॉलिश केलेल्या कव्हरचा मोह धरताना खाऱ्या, दमट हवेचा हिशोब आधीच करावा. त्यावर पारदर्शक लॅकर मारणे हा उपाय वरवर सोपा दिसतो, पण गुळगुळीत धातूवर त्याची पकड कमकुवत असते आणि एकदा तो कडेने सुटला की त्याखाली धातू डागाळत जातो. यापेक्षा रिंकल रंगात रंगवून, रंग पक्का झाल्यावर, उंच धारा आणि नावाची अक्षरे तेवढी पॉलिश पेपरने घासून उघडी करण्याची पद्धत अधिक समंजस आहे. लाकडी ठोकळ्याभोवती कागद गुंडाळून, ठोकळा सपाट धरून घासले, तर अक्षरांच्या कडा धारदार निघतात. नुसत्या बोटाने घासले, तर बोट खाचेत उतरते आणि कडा विरतात.

जुनी गाडी मूळ स्वरूपात आणायची असेल, तर निवडीचा प्रश्नच बदलतो, कारण तिथे आवडीपेक्षा पुरावा मोठा ठरतो. सुदैवाने कव्हर स्वतःच तो पुरावा जपून ठेवते. कव्हर धरून ठेवणाऱ्या नटांच्या वॉशरखाली मूळ रंगाचे छोटे कडे बहुधा शाबूत असते, कारण तिथे ना ऊन पोहोचलेले असते ना तेल, आणि पुढच्या मालकांनी नट न काढता वरून रंग मारलेले असतात. तेलाच्या झाकणाखालची किनार, कंपनीच्या पट्टीमागची जागा आणि तारा धरणाऱ्या क्लिपांखालचा भाग इथेही हेच आढळते. याशिवाय कव्हरच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून हळूहळू घासत गेले की एकात एक वर्तुळे उमटतात आणि धातूपासून बाहेर मोजत आले की कोणत्या क्रमाने कोणते रंग चढले ते वाचता येते. धातूला लागून प्रायमर आणि त्यावरचा पहिला थर कारखान्याचा. हे पाहण्याआधी कव्हर सँड ब्लास्टिंगला पाठवणे म्हणजे दस्तऐवज न वाचता जाळणे होय, आणि असे दररोज घडते याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. दुसरा प्रमाद अतिशोभेचा. साध्या प्रवासी गाडीच्या कव्हरला कारखान्यात एकाच हाताचा, कुठे ओघळलेला, सेमी-ग्लॉस रंग मिळालेला असताना, पुनरुज्जीवनात त्यावर आरशासारखी चकाकी आणली जाते. गाडी देखणी होते, पण ती ज्या काळात आणि ज्या किमतीत घडली, त्याविषयी खोटे सांगू लागते.

महाराष्ट्रात आज हे काम करून घेणाऱ्यासमोर मुख्यतः दोन वाटा आहेत: स्प्रे गनने एनॅमल मारणे किंवा पावडर कोटिंग. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत वाहनांच्या भागांसाठी पावडर कोटिंग करणारी युनिटे गल्लोगल्ली आहेत आणि छटा सांगताना तिथे आरएएल क्रमांकाची भाषा चालते. जर्मनीत १९२७ साली चाळीस रंगांपासून सुरू झालेली ही क्रमवारी आता जगभर रूढ असून तिच्यात ९००५ म्हणजे गर्द काळा आणि ३०२० म्हणजे वाहतूक-लाल. डब्यातल्या रंगांसाठी भारतीय मानक आयएस ५ चे क्रमांक आहेत. त्यात ५३७ हा सिग्नल रेड आणि ५३८ हा पोस्ट ऑफिस रेड. ‘चेरी’ किंवा ‘फेरारी लाल’ असे शब्द सांगण्यापेक्षा क्रमांक सांगितला, तर पाच वर्षांनी ओरखडा दुरुस्त करतानाही तीच छटा मिळते. पावडर कोटिंगमध्ये कोरडी भुकटी विजेच्या भाराने धातूवर चिकटवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत दहा ते वीस मिनिटे भाजून तिचा साठ ते शंभर मायक्रॉनचा एकसंध थर करतात. तो एनॅमलपेक्षा चिवट असतो, ब्रेक ऑइललाही बऱ्यापैकी दाद देत नाही आणि सुरकुत्यांच्या पोतातही मिळतो.

मात्र जुन्या ओतीव कव्हरच्या बाबतीत पावडर कोटिंगवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. तीस-चाळीस वर्षे तेलात भिजलेल्या ओतीव धातूच्या छिद्रांत तेल मुरलेले असते. भट्टीत धातू तापला की ते आणि त्याबरोबर अडकलेली हवा बाहेर येऊ पाहते आणि वितळलेल्या थरात सुईच्या टोकाएवढी असंख्य भोके पाडते. उपाय असा की भुकटी मारण्याआधी नुसते कव्हर भट्टीत, नेहमीच्या भाजणीपेक्षा थोड्या जास्त तापमानाला, तापवून घ्यावे, बाहेर आलेले तेल पुसावे आणि तेल येणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे. मॅग्नेशियमच्या कव्हरांना तर, धातू फार लवकर गंजतो म्हणून, रंगाआधी खास रासायनिक प्रक्रिया लागते आणि ती जाणणाऱ्याकडेच ती सोपवावीत.

साफसफाईतल्या चुका रंगापेक्षा महाग पडतात. कॉस्टिक सोड्याचे पाणी पोलादी कव्हरवरचा जुना रंग उत्तम उतरवते, पण ॲल्युमिनियम त्यात विरघळते. कव्हर काळे पडून त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो. ब्लास्टिंगचा धोका आणखी गंभीर आहे. अनेक कव्हरांच्या आतल्या बाजूला तेलाचे शिंतोडे अडवणारा पत्रा रिव्हेट करून बसवलेला असतो आणि त्याच्यामागे वाळूचे किंवा काचेचे कण अडकून बसतात. धुऊनही ते सगळे निघत नाहीत आणि इंजिन सुरू झाल्यावर गरम तेलाबरोबर खाली उतरून कॅमशाफ्ट आणि बेअरिंग खरवडतात. रिव्हेट काढून पत्रा सोडवता येत नसेल, तर ब्लास्टिंग करू नये, थिनर, ब्रश आणि चिकाटी यांवर भागवावे. कव्हरच्या आतल्या बाजूला रंग मुळीच लावू नये, कारण तिथून सुटलेला पापुद्रा तेलाच्या जाळीत जाऊन अडकतो. गॅस्केट बसते ती कडाही टेप लावून कोरी ठेवावी, आणि बोल्टांच्या डोक्यांखालची जागासुद्धा, कारण तिथला जाड थर आवळल्यावर काही दिवसांत दबतो, बोल्ट ढिले पडतात आणि नव्या रंगावरून तेलाचे ओघळ उतरू लागतात. ॲल्युमिनियमवर पहिला हात धातूला सूक्ष्मपणे खरवडून धरणाऱ्या एचिंग प्रायमरचा असावा आणि पोलादी पत्र्यावर झिंक फॉस्फेटचा.

नव्या गाड्यांत हा सारा प्रश्न मागे पडत चालला आहे. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची कव्हरे हलकी असतात, आवाज कोंडतात, साच्यातूनच काळी निघतात, आणि अनेक इंजिनांवर त्याही वर एक नुसते दर्शनी प्लॅस्टिक झाकण खटक्यांनी बसवलेले असते. त्यावर रंग मारणे शक्य असले, तरी तेलाचा अंश राहिला तर प्लॅस्टिकवर तो धातूपेक्षा लवकर सुटतो आणि साच्यातून आलेला मूळ मंद पोत पुन्हा मिळत नाही.

ज्याच्यापाशी मूळ पुरावा उरलेला नाही आणि निवड खरोखर स्वतःच करायची आहे, त्याने पत्र्याच्या कव्हरला सेमी-ग्लॉस आणि वाळूत ओतलेल्या कव्हरला रिंकल, हा पाया धरावा. छटेचा विचार करताना एक व्यावहारिक गोष्टही लक्षात घ्यावी: फिक्या राखी किंवा चंदेरी रंगावर गॅस्केटमधून झिरपणारे तेल पहिल्याच दिवशी दिसते, काळ्यावर ते महिनोन्महिने लपून राहते. जुन्या इंजिनाच्या मालकाला गळती लवकर कळण्याचा उपयोग शोभेपेक्षा अधिक असतो. छटा दुकानातल्या नळीच्या प्रकाशात न ठरवता, भंगारातल्या ओतीव तुकड्यावर त्याच प्रायमरने आणि त्याच हातांनी नमुना रंगवून, तो बॉनेटखाली ठेवून दुपारच्या आणि संध्याकाळच्या उजेडात पाहावा; बॉनेटच्या सावलीत गडद लाल जवळजवळ तपकिरी दिसतो आणि गडद निळा काळ्याकडे झुकतो. एनॅमल मारले असेल, तर इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर ते नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावे, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि त्यानंतरच कव्हरचे बोल्ट मधून कडांकडे जात, कंपनीने सांगितलेल्या मापानेच, पुन्हा एकदा आवळावेत.